सखारामची चार बोटं

आमच्या आवारातल्या लॉऱ्या सकाळी निघायच्या आणि दिवेलागणीला रिकाम्या परत यायच्या. रिकाम्या म्हणजे मालाने रिकाम्या. प्रत्येकीतून एखादा किस्सा मात्र उतरायचाच. कुठे मुकादमाशी जुंपलेली असायची, कुठे शेठने हात जोडलेले असायचे, कुठे भर रस्त्यात अर्धा माल उतरवून ठेवलेला असायचा. तीन लॉऱ्या, आठवड्याचे सहा दिवस, आणि मी तिथे सात वर्षं काढली. किती साठले असतील ते तुम्हीच बघा.

माझी नात सगळ्यांना सांगते, "आजी लग्नाआधी ऑफिसात होती." होते ना. पण ऑफिस म्हणजे पंख्याखाली टाइप करणारी बाई डोळ्यांपुढे आणू नका. घाटकोपरला आग्रा रोडच्या कडेला पत्र्याची एक शेड, तिच्यात एक टेबल, टेबलावर टेलिफोन, आणि समोर अंगणात तीन लॉऱ्या. लढाई संपल्यावर मिलिटरीने काढून टाकलेल्या, डिस्पोजलमध्ये घेतलेल्या. त्या आम्ही दिवसाच्या भाड्याने द्यायचो. ड्रायव्हरसकट. नुसती लॉरी मागाल तर मिळणार नाही. कुर्ला, मुलुंड, अंधेरी, बोरिवली, फार तर ठाणं. त्यापलीकडे नाही, कारण लॉरी संध्याकाळी घरी पाहिजे.

मालक दाजी परब. जागा मात्र दाजींची नव्हती. जागा म्हात्रेशेठची, आणि म्हात्रेशेठ आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईकही होते. त्यांचा विटा-वाळूचा धंदा शेजारच्याच आवारात होता. म्हणजे आमचं पोट आणि आमची जमीन दोन्ही एकाच माणसाच्या हातात. एवढं डोक्यात ठेवा, बाकी मी सांगते.

* * *

पहिला किस्सा माझ्याच मुलाखतीचा.

मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. कारखान्यांचे फोन इंग्रजीत यायचे आणि दाजींना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून त्यांना कुणीतरी पाहिजे होतं. आमचे अण्णा कोर्टात कारकून. लॉरीच्या अड्ड्यावर मुलगी पाठवायची म्हटल्यावर त्यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणंच टाकलं. मी तिसऱ्या दिवशी साडी नेसले आणि सरळ गेले.

दाजी खुर्चीवर बसून चहा पीत होते. साधी लाकडी खुर्ची, हात मोडलेला, तिथे काथ्या गुंडाळलेला. माझं सर्टिफिकेट त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"इंग्रजीत नाही म्हणता येतं काय?" त्यांनी विचारलं.

"नो, सर," मी म्हटलं.

दाजींनी कप खाली ठेवला. "ते सर काढ त्याच्यातलं."

"नो," मी म्हटलं.

"उद्यापासून ये."

मला वाटलं, कसला विक्षिप्त माणूस आहे हा. एवढं काय असतं नाही म्हणण्यात? असतं हो. ते मला पुढे कळलं.

* * *

आता सखाराम. दाजींच्याच गावचा, मालवणकडचा. बुटका, रुंद, आणि हाताची बोटं अशी जाड की चहाच्या कपाच्या कानात जायची नाहीत. तो बशीने प्यायचा.

लॉरी भरत आली की सखाराम मागच्या चाकाशी उकिडवा बसायचा. चाकाच्या वर लोखंडी पाट्यांची कमान असते, लॉरीचा सगळा भार तिच्यावर. माल चढेल तशी ती कमान दबते आणि वरची चौकट खाली यायला लागते. त्या दोहोंच्या मधल्या फटीत सखाराम आपली चार बोटं एकावर एक आडवी घालायचा. चार बसली तर भरा. चौथं अडलं की उठायचा, हात झटकायचा आणि म्हणायचा, "पुरो."

मालवणीत पुरो म्हणजे पुरे. पण सखारामचं पुरो म्हणजे कोर्टाचा निकाल. आमच्या अण्णांच्या कोर्टात तरी अपील होतं, इथे ते नव्हतं. आमच्या आवाराचा नियमच तो. भाडं कुणाचंही असो, लॉरी किती भरायची हे ड्रायव्हर ठरवणार. मालकसुद्धा मध्ये बोलणार नाही.

मी लागले त्याच आठवड्यातली गोष्ट. मुलुंडला बंगले बांधणारा एक कंत्राटदार सिमेंट न्यायला आला होता. सखाराम पुरो म्हणाला आणि कंत्राटदार म्हणाला, "अरे, एकच पोतं राहिलंय. एका पोत्याने काय होतंय?"

सखारामने लॉरीच्या नाकात घालून फिरवायचं लोखंडी हँडल उचललं. तेव्हा लॉरी त्याच्याशिवाय सुरू व्हायची नाही. ते त्याने कंत्राटदाराच्या हातात दिलं. "मगे तुमीच न्या," म्हणाला आणि सावलीत जाऊन विडी पेटवली.

कंत्राटदार शेडमध्ये दाजींकडे आला. दाजी म्हणाले, "साहेब, माझ्याकडे येणारा प्रत्येकजण एकच म्हणतो. दोन म्हणणारा मला अजून भेटायचाय."

पोतं खाली राहिलं. कंत्राटदार चरफडत गेला. आणि गंमत म्हणजे पंधरा दिवसांनी तोच परत आला. या वेळी माणसांना आधीच बजावून आला होता, "तो बुटका उठला की थांबा रे."

* * *

सखारामला एकदा मलेरिया झाला. तीन आठवडे तो पडून होता. त्याची लॉरी अंतोन चालवायला लागला. अंतोन वसईचा, गोरा, उंच, चर्चमध्ये व्हायोलिन वाजवणारा. गुणी माणूस. नियम त्यालाही ठाऊक होता, तोही रोज उकिडवा बसून बोटं घालायचा. तक्रार करायला जागा नव्हती.

पण मला फोनवर एक नवीनच प्रकार ऐकू यायला लागला. "उद्या अंतोन आहे का?" "अंतोनलाच पाठवा हं." "अंतोन नसेल तर परवा चालेल." कुर्ल्याचा भंगारवाला, अंधेरीचा फरशीवाला, सगळे एका सुरात. मला वाटलं, वा, व्हायोलिन वाजवणाऱ्या माणसाचं वळणच वेगळं. दाजींना कौतुकाने सांगायला गेले.

दाजी उठले आणि अंगणात जाऊन अंतोनला म्हणाले, "हात दाखव रे."

अंतोनने हात पुढे केला. लांबसडक, बारीक, काडीसारखी बोटं. ती चार एकत्र केली तरी सखारामच्या तीन बोटांएवढी भरत नव्हती. गिऱ्हाइकांना हे पहिल्या दोन दिवसांत कळलं होतं, आणि आम्ही तीन आठवडे झोपलो होतो. अंतोनच्या लॉरीत प्रत्येक खेपेला सात-आठ पोती जास्त जात होती, तीही नियमाने.

सखाराम बरा होऊन आला तेव्हा मी सुचवलं की त्याच्या बोटांच्या मापाचा एक लाकडी ठोकळा करू, म्हणजे भांडणच नको. सखाराम माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी त्याची भाकर काढून घेतली. "बाय, ठोकळ्याक गाडी कळता काय?"

ठोकळा बारगळला. दाजींनी वेगळा नियम केला. सखारामने चार बोटं घालायची आणि अंतोनने पाच.

* * *

अंधेरीला काचेच्या बाटल्यांचा एक कारखाना होता. तिथले मॅनेजर फोनवर बोलायचे नाहीत, हुकूम सोडायचे. एकदा त्यांचा माल सखारामने चौथ्या बोटावर अडवला आणि वीस खोकी खाली राहिली. अर्ध्या तासात टेलिफोन खणखणला. साहेब इंग्रजीत एवढे तापले होते की मला निम्मं कळलंच नाही. शेवटचं तेवढं कळलं. मी कोण आहे हे तुला माहीत आहे का, असं ते विचारत होते.

"नो," मी म्हटलं.

सर काढलं होतं. फोन आपटल्याचा आवाज आला. एवढं मोठं गिऱ्हाईक माझ्या एका शब्दाने गेलं होतं. मी दाजींना सांगितलं आणि रडायचीच बाकी राहिले. दाजी म्हणाले, "नोकरी कशासाठी दिली तुला? झकास काम केलंस."

साहेबांनी दुसऱ्या कुणाकडून तरी लॉरी घेतली. त्या लोकांनी वीसच काय, साठ खोकी जास्त चढवली. जोगेश्वरीच्या अलीकडे तिचा पाटा मोडला, लॉरी एका अंगावर बसली आणि रस्ताभर काच झाली. माणसं वाचली, बाटली एक वाचली नाही.

पुढच्या सोमवारी फोन आला. तोच आवाज, पण गोठ्यातल्या गाईसारखा गरीब. नाव त्यांना आठवत नव्हतं बिचाऱ्यांना. म्हणाले, "ते जाड बोटांचे गृहस्थ मोकळे आहेत का?"

* * *

हसताय तुम्ही. मीही हसायची. पण एकदा मी दाजींना विचारलंच, एवढा हट्ट कशासाठी? गिऱ्हाइकं जातात, शेजारचे लॉरीवाले नावं ठेवतात, म्हात्रेशेठ तर येता-जाता सुनावतात.

दाजी त्या दिवशी टायरवर बसून पंक्चर काढत होते. हातातलं काम न थांबवता त्यांनी सांगितलं. पूर्वी ते स्वतः दुसऱ्याची लॉरी चालवायचे. पनवेलच्या रस्त्याला इमारती लाकडं घेऊन निघाले होते. व्यापारी म्हणाला, एकच ओंडका आहे, टाकून घे. दाजींना दिसत होतं की लॉरी भरली आहे. पण व्यापारी मोठा, दाजी नवीन, आणि त्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही. उतारावर पाटा मोडला आणि लाकडं मागून केबिनमध्ये घुसली. बाजूला त्यांचा धाकटा भाऊ बसला होता, क्लीनर म्हणून.

"विठू जाग्यावर गेला," दाजी म्हणाले. "माझ्या अंगावर ओरखडासुद्धा नाही. कुंदाबाय, मला तेव्हा नाही म्हणता आलं असतं ना, तर आज तो असता."

त्यांनी पंक्चर काढून पूर्ण केलं. मी आत जाऊन टेबलाशी बसले आणि खूप रडले. त्यानंतर फोनवर नाही म्हणताना माझा आवाज कधी कापला नाही.

* * *

आता आमच्या अण्णांचा किस्सा. त्याशिवाय सोडवणार नाही मला.

अण्णांचे एक मित्र घाटकोपर सोडून बोरिवलीला राहायला चालले होते. अण्णांनी छाती पुढे काढून सांगितलं, "लॉरीचं माझ्यावर सोडा. माझी मुलगीच आहे तिथे." म्हणजे घरी माझ्या नोकरीबद्दल तोंड वाकडं, आणि बाहेर हा रुबाब. मी मुद्दाम सखारामला पाठवलं.

त्या मित्रांकडे सागवानी कपाटं, पितळी हंडे, दगडी जातं, पाटा-वरवंटा, काय नव्हतं. सगळं चढलं आणि शेवटी राहिली एक लोखंडी तिजोरी. सखाराम उकिडवा बसला आणि उठला.

"पुरो."

"अहो, मी कुंदाचे वडील," अण्णा म्हणाले.

"होय काय? बरां झाला गाठ पडली," सखाराम म्हणाला. "कुंदाबायेक नमस्कार सांगा. पण पुरो."

अण्णांनी कोर्टातलं होतं नव्हतं ते सगळं काढलं. वजनाचा पुरावा काय, बोटाला कायद्यात आधार काय, तुमच्या मालकाला भेटतो. सखाराम शांतपणे ऐकत राहिला. अण्णा दमले तेव्हा त्याने त्यांचा हात धरला, चाकाशी बसवलं आणि त्यांचीच बोटं त्या फटीत घातली. चौथं अडलं. वर कपाटं, मागे त्या घरातली माणसं चढायची तयारी करत होती. अण्णा उठले, धोतराला हात पुसले आणि मित्राला म्हणाले, "तिजोरी परवा नेऊ."

घरी आल्यावर जेवताना ते आईला म्हणाले, "त्या आवारात नोकरी करायला हरकत नाही." मला नव्हे, आईला. पण मी समोरच बसले होते.

* * *

म्हात्रेशेठ काही वाईट माणूस नव्हते. आमच्या शेडला पत्रे त्यांनीच दिले होते, दिवाळीला फराळाचं ताट पाठवायचे. पण मुलुंडला त्यांनी मोठं काम घेतलं. चाळींच्या चाळी उठत होत्या तेव्हा तिकडे, आणि विटा कमी पडत होत्या. त्यांना आमच्या तिन्ही लॉऱ्या रोज पाहिजे होत्या आणि दर खेपेला हजारभर विटा जास्त जायला पाहिजे होत्या. सखाराम पुरो म्हणाला. अंतोन पाच बोटं घालून पुरो म्हणाला. तिसऱ्या लॉरीवरचा ड्रायव्हर नवीन होता, तोही म्हणाला.

शेठ शेडमध्ये आले. खुर्ची ओढून बसले आणि गोडीत बोलले. "दाजी, तुमची माणसं माझ्या विटा माझ्याच जमिनीवर उतरवून ठेवतात. बरं दिसतं का हे?"

"नाही दिसत," दाजी म्हणाले. "पण विटा उतरणारच."

"मग असं करा. एक तारखेपासून लॉरी मी सांगेन तेवढी भरायची. नसेल जमत तर महिनाअखेर जागा खाली करा. दिवेलागणीला मी फाटकाला कुलूप घालणार."

मी टेबलामागे बसून हिशेब करत होते. जागा गेली तर टेलिफोन गेला, आणि टेलिफोन गेला तर अर्धी गिऱ्हाइकं गेली. तेव्हा टेलिफोन हलवायचा म्हणजे अर्ज करून वर्ष-वर्ष वाट बघायची. आणि तीन लॉऱ्या उभ्या करायला रस्त्याकडेची जागा कोण देणार होतं? शेठना हे सगळं माहीत होतं. म्हणून तर ते शांत होते.

दाजी माझ्याकडे वळले. "कुंदाबाय, नाही कसं म्हणायचं ते शेठना सांग."

"नो," मी म्हटलं. फोनवर नव्हे हो, वडिलांच्या वयाच्या माणसाला, तोंडावर. शेठ हसले आणि उठून गेले.

* * *

आणि हा शेवटचा. माझ्या डोळ्यांसमोर घडलेला.

दाजींनी महिनाभर पायपीट केली. गोवंडीला बघितलं, कुर्ल्याला बघितलं, शेवटी मुलुंडच्या पुढे आग्रा रोडलाच एक उजाड तुकडा मिळाला. चिखल, गवत आणि एक पडकी विहीर. फोन नाही, वीज नाही. दाजी म्हणाले, "रस्ता आहे ना? मग बास."

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. सामान हलवायला एकच लॉरी होती, सखारामची. अंतोन आरे कॉलनीत म्हशींचं गवत पोचवायला गेला होता आणि तिसरी लॉरी अंधेरीला बाटल्यांवर. मी आदल्या दिवशी म्हटलं होतं, दोन्ही गिऱ्हाइकांना फोन करून उद्याचं रद्द करते, आपलंच घर उठतंय. दाजी चिडले. "नाही म्हणायचं तर आधी म्हणायचं. शब्द दिल्यावर नाही."

तर एक लॉरी, आणि दिवेलागणीची मुदत. दुपारपासून भरायला घेतलं. शेडचे पत्रे शेठचे, ते तिथेच ठेवले. आमचं जुनं इंजिन चढलं, ऐरण चढली, जॅक, टायर, मोडलेल्या पाट्यांचा ढीग, माझं टेबल. टेलिफोन भिंतीपाशी तसाच राहिला. शेठची माणसं विटांच्या ढिगावर बसून मजा बघत होती. मुकादमाने तर ओरडून विचारलंही, "आज तरी दाबून भरणार की नाही?"

सखारामने दर वेळी खाली बसून बघितलं. ऐरण चढली तेव्हा चार बोटं कशीबशी गेली. तो म्हणाला, "बसता. चला आता."

आवार रिकामं झालं होतं. दाजींनी एकदा सगळीकडे नजर फिरवली, आपली ती काथ्याची खुर्ची उचलून वर ठेवली आणि टायरवर पाय देऊन स्वतः वर चढले. केबिनमध्ये बसायचं त्यांनी विठू गेल्यापासून सोडलं होतं. वर दोरीला धरून ते उभे राहिले, एवढ्या वर्षांच्या जागेकडे पाठ करून.

सखाराम हँडल घेऊन पुढे निघाला होता. तो थांबला. मागे आला, चाकाशी बसला आणि हात घातला. काढला, पुसला, परत घातला. मग खाली मान घातली.

"दाजी," तो म्हणाला, "पुरो."

विटांच्या ढिगावरचं हसणं थांबलं.  ज्या माणसाने या बोटांपायी जागा घालवली, त्यालाच ही बोटं खाली उतरवत होती. मी पुढे झाले आणि बोलून गेले, "सखारामभाऊ, एकच माणूस तर आहे."

बोलले आणि जीभ चावली. सात वर्षं हेच वाक्य मी फोनवर ऐकत आले होते.

दाजी माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. मग ते टायरवर पाय देत खाली उतरले आणि सखारामला म्हणाले, "खुर्ची पण दे."

खुर्ची खाली आली. सखारामने परत हात घातला, चारही बोटं आत गेली. त्याने हँडल फिरवलं, केबिनमध्ये चढला आणि दाजींकडे न बघता लॉरी रस्त्याला लावली. डोळे पुसत होता तो, मी बघितलं.

आम्ही फाटकाबाहेर आलो. मागे कुलूप लागलं. दाजींनी खुर्ची आग्रा रोडच्या कडेला मांडली आणि बसले. मी शेजारी उभी. ऊन उतरायला लागलं होतं. कुर्ल्याकडून येणारे ट्रक धूळ उडवत जात होते आणि दाजी प्रत्येकाच्या मागच्या चाकाकडे बघत होते.

थोड्या वेळाने म्हात्रेशेठची मोटार आली. आमच्यापुढे थांबली. शेठनी काच खाली केली.

"दाजी, हे काय? रस्त्यावर का बसलात?"

"लॉरी भरली."

"मग तुम्हाला कुणी उतरवलं?"

"सखारामने."

 शेठनी मोटारीचं दार उघडलं. "या, बसा. मी मुलुंडला सोडतो. तुमच्याच लॉरीत तुम्हाला जागा नाही म्हणजे काय?"

दाजींनी खुर्चीच्या हाताचा सुटलेला काथ्या नीट गुंडाळून घेतला.

"नको शेठ," ते म्हणाले. "मी दुसऱ्या खेपेत आहे."